‘हे वाचलेत का?’

दिवाळीतल्या एखाद्या सकाळी फराळाचे ताट घेऊन शेजारची मुलगी दारात उभी राहते. ताटावर विणलेला रुमाल, रुमालाखाली चकल्या, करंज्या, चिवडा आणि मोजून दोन अनारसे. आणि पुष्कळदा ताटाच्या खाली, तळहाताने सावरून धरलेला, एक दिवाळी अंक. ‘आईने सांगितलंय, शेवटची गोष्ट आधी वाचा, आणि अंक परवा परत हवा,’ एवढा निरोप देऊन ती जिना उतरून जाते. आपल्याकडे रिकामे ताट परत करीत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच ताटात आपल्या घरचे शंकरपाळे जातात आणि त्याच रुमालाखाली आपल्या घरचा अंक. ‘कडबोळी जरा कडक झाली आहेत, पण अंक चांगला आहे!’

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या पट्ट्यातील चाळींत, वाड्यांत आणि पुढे सोसायट्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा देवघेवीचा प्रकार नवा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचण्याची ही चाल महाराष्ट्रात रूढ झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ‘हे वाचलेत का?’ हा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. एका वाचकाने दुसऱ्या वाचकास तो विचारावा, आणि त्या विचारण्यातून एखादी संस्था उभी राहावी, एखाद्याचे आयुष्य पालटावे, असे ह्याच आपल्या परिसरात आणि त्याच्या शेजारीपाजारी घडलेले आहे. त्या प्रश्नाची ही थोडीशी कुळकथा, सणाच्या निवांत दुपारी सांगण्यासारखी आहे म्हणून सांगतो.

छापखाने नव्हते तेव्हा पोथी हीच पुस्तक होती, आणि पोथी दुसऱ्यास देणे म्हणजे घरातला दागिना देण्यासारखे होते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाने आपले नाव, गाव, शक आणि तिथी घालून वर एक विनवणीही केलेली असते. मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि अडाण्याच्या हाती देऊ नका, असे पोथीच वाचकास सांगते. ग्रंथालयाची नियमावली आपल्याकडे अशी पोथीच्या पाठीवरच जन्मास आली, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याला एखादा ग्रंथ फार आवडे तो त्याची नक्कल करून घेई. त्या काळी ग्रंथाची शिफारस करणे हे बोलण्याचे काम नव्हते. ते बोटे दुखेपर्यंत लिहिण्याचे काम होते. ज्ञानेश्वरी आणि नाथांचे भागवत गावोगाव पोहोचले ते अशा दुखऱ्या बोटांवरून.

मग छापखाना आला, आणि पाठोपाठ आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यास पोहोचली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणपर्यंत गेले. त्याच १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ प्रसिद्ध झाले. जुन्या मराठी कवींची निवडक कविता एका पुस्तकात आणून तात्यांनी जणू पुढच्या दोन-तीन पिढ्यांना सांगून ठेवले की, बाबांनो, एवढे तरी वाचा. गाडी आणि पुस्तक यांची ही गाठ योगायोगाची असेल, पण कल्याण-ठाण्याच्या माणसाला ती पुढे जन्मभर पुरली.

आगगाडीने कल्याणास माणसे आणली, टपाल आणले आणि वर्तमानपत्रे आणली. १८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले. मुंबई, पुणे, रत्नागिरी येथे अशी वाचनालये त्याआधी निघालेली होती. परंतु कल्याण हे काही इलाख्याचे शहर नव्हे. खाडीकाठचे, भाताच्या व्यापाराचे, जुन्या बंदराचा नावलौकिक मिरवणारे ते तालुक्याचे गाव. अशा गावात चार माणसांनी वर्गणी काढून पुस्तके आणि पत्रे मागवावीत, ती एका ठिकाणी ठेवावीत आणि एकाने वाचून दुसऱ्याकडे सरकवावीत, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. दीडशे वर्षे उलटून गेली तरी ते वाचनालय चालू आहे.

परंतु कोणत्याही दिव्याखाली अंधार असतोच. वाचनालयाचा उंबरठा कोण ओलांडू शकत होते, हा प्रश्न विचारल्यावाचून ह्या इतिहासाचे पान उलटू नये. वर्गणी परवडेल तो, अक्षर येईल तो, आणि चारचौघांत जाऊन बसता येईल तो. ह्या तीन चाळण्यांतून गावातली बहुतेक माणसे गळून पडत, आणि बायका तर साऱ्याच्या साऱ्या.

कल्याणात वाचनालय निघाल्याला पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तोच ३१ मार्च १८६५ रोजी त्याच गावात एक मुलगी जन्मास आली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. ज्या काळी सुनेच्या हाती पुस्तक दिसणे हा घराला बट्टा समजला जाई, त्या काळी गोपाळरावांनी तिच्या हाती पुस्तक दिले, आणि ते खाली ठेवलेले त्यांना खपत नसे. त्यांचा हेका पुष्कळदा जाचाच्या पलीकडे गेला, हेही तिच्या चरित्रातून लपत नाही. तरी एक गोष्ट खरी की, गावातल्या वाचनालयाने जे तिच्यापुढे आणून ठेवले नसते ते एका विक्षिप्त टपाल कारकुनाने आणून ठेवले.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत होईल काय, अशी चौकशी गोपाळरावांनी तेथील मिशनऱ्यांकडे पत्राने केली, आणि ते पत्र तिकडच्या एका धार्मिक मासिकात छापले गेले. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेले ते मासिक त्यांनी सहज चाळले, पत्र वाचले, आणि घरी जाऊन हिंदुस्थानात उत्तर धाडले. दोन अनोळखी बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १८८३ साली आनंदीबाई बोटीत चढल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. दुसऱ्याच्या हातचे, कोणी तरी वाचून टाकलेले एक मासिक, आणि त्याचा हा पल्ला! ज्या फिलाडेल्फियात त्या शिकल्या, त्याच शहरात बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ साली मित्रांची वर्गणी काढून एक ग्रंथालय उभारले होते. एकट्याला परवडत नाहीत ती पुस्तके दहाजणांनी मिळून घ्यावीत, हाच त्याचाही हिशेब. कल्याणच्या वाचनालयाची आणि फिलाडेल्फियाच्या त्या ग्रंथालयाची जात एकच. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, आनंदीबाई वारल्या. पुढे त्यांचे चरित्र मराठीत लिहिले ते काशीबाई कानिटकरांनी, म्हणजे एका वाचणाऱ्या बाईने दुसऱ्या वाचणाऱ्या बाईविषयी. तेव्हापासून ते पुस्तक किती घरांत आईने मुलीच्या हाती दिले असेल!

* * *

आता गाडी उलटी फिरवून ठाण्यास येऊ.

१८९३ साल. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण. कचेऱ्या, कोर्ट, वकील, तलाव आणि खाडी यांचे गाव. येथील विनायक लक्ष्मण भावे नावाचा एकवीस वर्षांचा तरुण आणि त्याचे स्नेही विष्णु भास्कर पटवर्धन यांनी १ जून १८९३ रोजी एक ग्रंथालय काढले. वाचनालये तोवर बरीच निघाली होती. मग ह्यात नवल ते काय? नवल त्याच्या नावातच आहे: ‘मराठी ग्रंथ संग्रहालय’. येथे ठेवावयाचे ते मराठी पुस्तक, आणि मराठी पुस्तक म्हटले की ते येथे असावयाचेच, असा त्या नावाचा बाणा होता.

हा बाणा किती धाडसाचा होता हे आज ध्यानात यावयाचे नाही. त्या वेळच्या वाचनालयांची आणि शिकलेल्यांची ओढ इंग्रजी पुस्तकांकडे होती. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला जागा नव्हती. ती मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे झटत होते. पदवीधर मंडळींना ‘मराठीत काय वाचलेत?’ असे विचारले तर ‘मराठीत वाचण्यासारखे आहे तरी काय?’ असा उलटा प्रश्न येई. चांगल्या प्रश्नांची उत्तरे दोन प्रकारे देता येतात, तोंडाने आणि हातांनी. भावे यांनी हाताने दिले. मराठीत वाचण्यासारखे काय आहे? या, कपाट उघडून दाखवतो.

एखादे पुस्तक ‘वाचा’ म्हणून सांगणे सोपे असते. ‘वाचा’ म्हणून सांगून ते जागच्या जागी हाती देता येणे, ह्यात सारे आहे. जो ग्रंथ मिळत नाही त्याची शिफारस म्हणजे न वाढलेल्या पानावरच्या पक्वान्नाचे वर्णन. ठाण्याच्या संग्रहालयाने पान वाढण्याची व्यवस्था केली. तिचा कित्ता लवकरच इतरांनी गिरविला. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, १९११ साली पुणे मराठी ग्रंथालय निघाले. आज केवळ मराठी ग्रंथांना वाहिलेली म्हणून जी जुनी ग्रंथालये आपण अभिमानाने दाखवितो, त्यांच्यात थोरली पाती ठाण्याची आहे. मुंबईहून ठाण्यास काहीही येते असे समजण्याची आपल्याला सवय आहे. ही गोष्ट ठाण्याहून मुंबईस गेली.

भावे यांचे काम कपाटे भरून थांबले नाही. जो ग्रंथ जमवितो त्याला ग्रंथांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. कोल्हापुराहून प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढीत. तिच्यात १८९८-९९ च्या सुमारास भाव्यांनी जुन्या मराठी कवींचा इतिहास लिहिला. तेच ‘महाराष्ट्र सारस्वत’. आरंभी बेताचे असलेले हे पुस्तक भावे यांनी वाढवीत नेले. १९०३ साली त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ नावाचे मासिक काढून अप्रसिद्ध जुनी काव्ये छापण्यास प्रारंभ केला. हस्तलिखिते धुंडाळली, आणि नव्या माहितीने भरलेली ‘सारस्वता’ची मोठी आवृत्ती १९१९ साली वाचकांपुढे ठेवली. १९२६ साली ते वारले. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्या ग्रंथाला विस्तृत पुरवणी जोडली, म्हणजे एका वाचकाने सोडलेल्या पानावरून दुसऱ्या वाचकाने पुढे वाचावयास घेतले.

‘महाराष्ट्र सारस्वत’ हा इतिहासग्रंथ खरा. त्यातील कित्येक काळनिर्णय पुढच्या संशोधकांनी बदलले असतील, आणि ते बदलणारच. पण तो ग्रंथ वाचताना जे जाणवते ते निराळेच आहे. कपाटासमोर उभे राहून एक जाणता वाचक आपल्याला एकेक पोथी काढून दाखवितो आहे, एकीवर प्रेमाने हात फिरवितो आहे, दुसरीबद्दल थोडे नाक मुरडतो आहे, असे वाटत राहते. शंकर गणेश दाते यांनी अफाट कष्ट करून १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली. कोणते पुस्तक कधी, कोठे, कोणी छापले हे पाहावयाचे झाले तर अभ्यासकाला दाते यांच्यावाचून गती नाही. सूचीचे काम कोणालाही न वगळण्याचे. शिफारशीचे काम नेमके त्याच्या उलट. तिला निवडावे लागते, आणि निवडणारा चुकू शकतो. भाषेला दोन्ही लागतात. दाते यांनी मराठीचा जमाखर्च मांडला, भाव्यांनी तिचा स्नेह जोडून दिला.

* * *

१८९८ सालचीच आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. ती मुंबईची आहे; परंतु ‘हे वाचलेत का?’ ह्या प्रश्नाची तिच्याइतकी मोठी गोष्ट माझ्या माहितीत दुसरी नाही, आणि ठाण्या-कल्याणातही ती असंख्य घरांत आपलेपणाने सांगितली जाते.

त्या वर्षी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे गौतम बुद्धाचे चरित्र प्रसिद्ध झाले. ते त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते. पुढे १९१० साली ह्याच सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून आपल्या संस्थानात खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या. केळुसकर शिक्षक होते आणि पट्टीचे वाचक होते. मुंबईत राहणारा एक शाळकरी मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या मुलाने इतके शिकणे हे त्या काळी इतके अपूर्व होते की, वस्तीतल्या लोकांनी त्याचा सत्कार केला. त्या सभेत केळुसकर गुरुजी बोलले, आणि शेवटी आपले ते पुस्तक त्यांनी मुलाच्या हाती ठेवले. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण स्वतः नमूद करून ठेवली आहे. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांना ती भेट आठवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी लोकांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसामागे एका थोर पुरुषाचा जन्मभराचा अभ्यास होता, झगडा होता, अपमानांची रास होती. एका पुस्तकाने सारे केले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. परंतु ठिणगी कोठे पडली हे ज्याचे त्यालाच ठाऊक, आणि त्याने सांगून ठेवले आहे. भर सभेत हार घालून गुरुजी घरी गेले असते तर तो हार दुसऱ्या दिवशी सुकला असता.

येथे एक ध्यानात घ्यावे. पुस्तक देणाऱ्याला त्याचे काय होईल हे कधीच कळत नाही. त्याने फक्त योग्य माणूस ओळखावयाचा असतो. आणि योग्य माणूस पुष्कळदा वाचनालयाच्या उंबऱ्याबाहेर उभा असतो.

* * *

स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागा पुरेनाशी झाली आणि गिरगाव-दादरचे मध्यमवर्गीय बिऱ्हाड ठाणे, डोंबिवली, कल्याण असे सरकत गेले. सकाळी लोकलने जावयाचे, सायंकाळी लोकलने यावयाचे. तास-दीड तासाच्या ह्या रोजच्या वनवासाने मराठी वाङ्मयावर जे उपकार केले आहेत त्यांची नोंद एखाद्या प्रबंधात व्हावयास हवी. डोंबिवलीहून बसावयास जागा मिळाली तर शंभर पाने, उभ्याने गेले तर पन्नास. आणि शेजारच्याचे पुस्तक मान वाकडी करून वाचणारा एखादा तर ठरलेलाच. ‘अहो, पान उलटू नका, माझ्या दोन ओळी राहिल्यात!’ असे म्हणणारा भेटला की तेथे मैत्री ठरलेली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक ह्याच डोंबिवलीत राहत. ज्याची कथा गाडीत वाचली तो लेखक सायंकाळी भाजी घेताना दिसावा, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्यास येते.

ह्या वाचकाची भूक भागविली ती गल्लोगल्लीच्या खाजगी वाचनालयांनी. अनामत भरावी, महिन्याची वर्गणी द्यावी, एक पुस्तक आणि एक मासिक घरी न्यावे. लंडनमध्ये मुडी नावाच्या गृहस्थाने १८४२ साली असेच फिरते पुस्तकालय काढले होते. वर्षाला एक गिनी भरली की कादंबऱ्या घरी. त्याच्या पसंतीचा असा दरारा होता की, त्याला रुचेल अशीच कादंबरी लिहावी, असे प्रकाशक लेखकांना सांगत. आमच्या वाचनालयवाल्याचा दरारा इतका नसे, पण त्याच्या टेबलाच्या खणाला फार मान असे. त्या खणात विशिष्ट सभासदासाठी विशिष्ट पुस्तक राखून ठेवलेले असे. ‘वहिनी, हे तुमच्यासाठी ठेवलंय, अजून कोणाला दिलं नाही,’ हे वाक्य ज्याने ऐकले त्या सभासदाने जन्मभर दुसरे वाचनालय पाहिले नाही. आणि दिवाळीत तर ह्या दुकानांना जत्रेचे रूप येई. एकदा ठरावीक रक्कम भरावी आणि चार-सहा महिने दिवाळी अंक पालटून न्यावेत, ही योजना तर आजही कित्येक घरांत फटाक्यांच्या यादीच्या आधी ठरते. डोंबिवलीत १९८६ साली निघालेली फ्रेंड्स लायब्ररी ह्याच परंपरेतली.

वाचनालयाच्या पुस्तकांत आणखी एक अनामिक शिफारसकर्ता वावरत असतो, तो पेन्सिलवाला. समासात तो लिहितो, ‘सुंदर!’ खाली दुसऱ्या हाताने लिहिलेले असते, ‘काय सुंदर?’ त्याखाली तिसरा, ‘दोघेही पुस्तक खराब करू नका.’ रहस्यकथेच्या पाचव्या पानावर खुनी कोण हे लिहून ठेवणारा महाभाग ह्याच कुळीचा. त्याला मात्र फराळाचे ताट देऊ नये. ग्रंथपालाच्या दृष्टीने हा अपराधच आहे आणि तो मोडलाच पाहिजे. तरी खरे सांगावयाचे तर त्या पुसट ‘सुंदर’मुळे आपण कित्येकदा एखादे पान दुसऱ्यांदा वाचलेले असते.

वाचकाच्या ह्या पसंतीला छापील व्यासपीठही मिळाले. जानेवारी १९६४ मध्ये केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ हे पुस्तकांना वाहिलेले मासिक सुरू केले, आणि त्यातील ‘चोखंदळ वाचकांची निवड’ पाहून पुस्तके घेणारे घरोघर झाले. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार आला. पुढच्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचकांचीच चळवळ उभारली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली ह्या चळवळीने वाचकांपुढे आणले. वाचनालयाच्या ज्या उंबऱ्याचा उल्लेख मघाशी केला, त्याच्या पलीकडची माणसे आता स्वतः लिहू लागली होती आणि उंबऱ्याच्या आतल्यांना विचारीत होती, ‘आता आमचे हे वाचलेत का?’ चांगल्या घरांतून त्या पुस्तकांवर कडाक्याचे वाद झाले. वाद झाले म्हणूनच ती हातोहात फिरली.

ठाण्यात साहित्य संमेलने भरली ती १९६० साली रा. श्री. जोगांच्या, १९८८ साली वसंत कानेटकरांच्या आणि २०१० साली उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे संमेलन डोंबिवलीत भरले. अध्यक्ष होते अक्षयकुमार काळे, संमेलननगरीस नाव होते पु. भा. भाव्यांचे, आणि यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. ह्या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. रेल्वेच्या आणि कचेरीच्या आधी ही भुई ज्यांच्या भातशेतीची आणि मिठागरांची होती त्या आगरी समाजाने साऱ्या मराठी वाचकांना घरी बोलावले. १८६४ साली वाचनालयाच्या पायरीवर जे नव्हते, त्यांच्यापैकी एक समाज दीडशे वर्षांनी दारात उभा राहून ‘या’ म्हणत होता.

अलीकडच्या वर्षांत डोंबिवलीत पुस्तकांच्या आदानप्रदानाचे मेळे भरतात. वाचून झालेली पुस्तके आणून द्यावीत आणि तितकीच दुसरी, कोणीतरी वाचलेली, घेऊन जावीत. फराळाच्या ताटाचाच हा मोठा अवतार. त्या टेबलांवर पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘चि. अमुक हिस दहाव्या वाढदिवसानिमित्त, मामाकडून’ असे लिहिलेले दिसते, आणि ते पुस्तक दुसऱ्याच कोणा दहा वर्षांच्या मुलाच्या बगलेत बसून निघून जाते.

हे सारे गोड आहे, म्हणून काळजीचे कारण नाही असे समजू नये. ग्रंथालयात पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो. जुन्या कपाटातले एखादे पुस्तक काढून तो कागद पाहावा. एका दशकात शिक्के दाटीवाटीने बसलेले, पुढच्या दशकात विरळ, आणि मग कोरी जागा. पुस्तक त्या कोऱ्या जागेत मरत असते. वाळवी फार उशिरा येते. ते वाईट असते म्हणून मरते असे नाही. त्याच्याविषयी ‘हे वाचलेत का?’ असे म्हणणारा शेवटचा माणूस गेलेला असतो. आज पुस्तके सुचविणारी यंत्रे हातात आली आहेत, आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. पण यंत्र सांगते ते इतरांनी काय घेतले एवढेच. शेजारच्या काकू पुस्तक देतात तेव्हा त्या आपली पत पणाला लावतात. पुस्तक भिकार निघाले तर जिन्यात त्यांना आपल्याला तोंड दाखवावयाचे असते. ठाण्याच्या त्या एकवीस वर्षांच्या तरुणाने साऱ्या मराठी भाषेसाठी अशीच आपली पत पणाला लावली होती.

जाता जाता एक कबुली देतो. माझ्या कपाटात एक पुस्तक आहे ते माझे नाही. चाळीतल्या एका शेजाऱ्यांनी फार वर्षांपूर्वी ते मला दिले, ‘वाच, मग बोलू’ म्हणून. मी वाचण्याची चालढकल केली. ते बिऱ्हाड हलवून गेले, आणि मग परत करावयास पत्ता राहिला नाही. पुढे ते वाचले, आणि बोलण्यासारखे पुष्कळ सापडले, तेव्हा बोलावयास ते नव्हते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आहे, आणि दर दिवाळीत कपाट आवरताना ते नाव मला विचारते, ‘वाचलेस का?’

ह्या वर्षी मी एक ठरविले आहे. जिन्याखालच्या घरात एक चौदा वर्षांची वाचणारी मुलगी आहे. तिच्या आईकडून आलेले ताट धुऊन ठेवले आहे. उद्या त्यात करंज्या जातील, आणि ताटाखाली ते पुस्तक. परत आणू नकोस, पुढे दे, एवढेच सांगेन. तुमच्या घरीही एखादे ताट परत जावयाचे असेलच.